टंचाईचा आवाज कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मूळच्या खानापूर तालुक्यातल्या, सध्या बेळगावात ललितकलेचे शिक्षण घेत आहात. वर्षअखेरच्या प्रदर्शनात पाणीटंचाई आणि पाण्याचे खासगीकरण या विषयावर फक्त आवाजाची मांडणी करायची, असे तुम्ही ठरवले आहे. त्यासाठी कणकुंबीचा पाऊस आणि गोकाकचा धबधबा ध्वनिमुद्रित करूनही ठेवला आहे. आता मात्र कोडे पडले आहे की, जे पाणी नाहीच त्याचा आवाज आणायचा कुठून. गेली बावीस वर्षे मी नाटकांसाठी, माहितीपटांसाठी आणि सवड मिळेल तेव्हा स्वतःसाठी ध्वनिमुद्रण करत आलो आहे. तुम्ही आज जिथे अडला आहात तिथे मीही अडलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली सूचना तुम्हाला आवडणार नाही. तो पाऊस आणि तो धबधबा तूर्त बाजूला ठेवा. पंधरा वर्षांपूर्वी मी याच विषयावर एक मांडणी केली होती. अंधारी खोली, चार कोपऱ्यांत चार स्पीकर आणि मलप्रभा नदीच्या वरच्या अंगाला दोन पावसाळे फिरून जमवलेला प्रवाहाचा आवाज. वाहत्या पाण्याचा आवाज ऐकला की लोकांना हरवलेले पाणी आठवेल, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात लोक आत आले, भिंतीला टेकून बसले, काहींनी डोळे मिटले आणि बाहेर पडताना ‘फार शांत वाटलं’ असे वहीत लिहून गेले. बेळगावच्या वडगाव भागातून आलेल्या एका आजींनी तेवढे विचारले, “आवाज छान आहे, पण हे पाणी येतं कुणाच्या नळाला?” मला उत्तर देता आले नाही. वाहत्या पाण्याचा आवाज माणसाला निवांत करतो, म्हणून तर हॉटेलांच्या दिवाणखान्यांत कारंजी बसवतात. ज्याने तहान भागल्यासारखे वाटते त्याच आवाजाने तहान दाखवायला जाणे ही माझी चूक होती.

गोकाकचे मुद्रण मात्र फेकू नका. त्याकडे निसर्गाचा आवाज म्हणून पाहणे सोडले की ते उपयोगी पडते. घटप्रभा नदीची ती सुमारे 52 मीटरची उडी गर्जते कधी आणि गप्प असते कधी, हे केवळ पावसावर ठरत नाही. वरच्या अंगाला हिडकलचे 51 टीएमसीचे (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) धरण आहे, त्याच्याखाली धुपदाळचा बंधारा आहे आणि तिथून पाणी कालव्याकडे वळते. धबधब्यापर्यंत पोहोचते ते या सगळ्यांतून उरलेले. शिवाय याच पाण्याच्या बळावर 1887 पासून तिथे सूतगिरणी चालली. म्हणजे तो आवाज शंभराहून अधिक वर्षे कुणीतरी वाटून घेतलेला आहे. ऑगस्टचे मुद्रण आणि एप्रिलचे मुद्रण, त्याच पुलावरून, रेकॉर्डरची पातळी अजिबात न बदलता करा आणि एकापुढे एक लावा. एप्रिलमध्ये पाखरे, पर्यटकांच्या गप्पा आणि वाऱ्याने वाजणारा एखादा पत्रा ऐकू येईल. पातळी न बदलण्याचा आग्रह धरा, कारण हलका आवाज ‘नीट ऐकू यावा’ म्हणून वाढवण्याची सवय आपल्या हाताला असते आणि इथे तीच सवय घात करते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. टंचाई म्हणजे शांतता नव्हे, हे मला फार उशिरा कळले. मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने 1933 साली दाखवून दिले की पाण्यातला बुडबुडा घंटेसारखा एका ठरावीक स्वरात वाजतो. त्याची त्रिज्या 1 मिलिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे 3,300 कंपने होतात, आणि बुडबुडा मोठा असेल तर स्वर त्या प्रमाणात खाली उतरतो. खळखळ, झुळझुळ, टपटप म्हणून आपण जे ओळखतो ते बहुतांशी पाण्यात अडकलेल्या हवेचे वाजणे असते. नळ कोरडा पडतो तेव्हा हवा निघून जात नाही, पाणी तेवढे निघून जाते. मागे उरते ती नुसती हवा, आणि तिचा आवाज आमच्या गल्लीत प्रत्येकाला पाठ आहे.

तो आवाज जवळून ऐका. पाच-सहा दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात पहाटे नळ उघडा ठेवलेला असतो. खाली पालथी बादली असते, म्हणजे पाणी आल्याबरोबर बादलीच्या बुडावर ताशासारखे वाजावे आणि घरातल्यांना जाग यावी. आधी काही मिनिटे नळातून इतकी बारीक फुसफूस येते की ती कानापेक्षा तळहातालाच आधी कळते. मग ती थांबते. मग नळाच्या पोटात कुणीतरी खाकरल्यासारखे दोन-तीन हुंदके येतात, पाइप भिंतीतल्या खिळ्यावर खडखडतो, गंजाचे लाल पाणी एकदम थुंकल्यासारखे पडते, पुन्हा हवा येते आणि मग धार लागते. हा सगळा प्रकार चार ते दहा मिनिटांचा असतो. टंचाईवर याहून नेमकी रचना मला आजवर सुचलेली नाही आणि ही तर कुणी रचलेलीही नाही. ज्या घरांत मीटर बसवले आहेत तिथे या फुसफुशीला आणखी एक अर्थ येतो, कारण मीटरचे चक्र पाण्याच्या पुढे धावणाऱ्या हवेनेही फिरते. पाणी यायच्या आधीच बिल सुरू होते, ही तक्रार तुम्ही घरोघरी ऐकली असेल.

वडगाव, खासबाग भागात आणखी एक गोष्ट टिपून घ्या. तिथे यंत्रमागाची खटखट दिवसभर चालते आणि तिच्यात नळाची फुसफूस ऐकू येणे शक्य नसते. त्यामुळे पाणी आल्याची बातमी आवाजाने न येता आवाज थांबण्याने येते. आधी कोपऱ्यावरचा माग बंद पडतो, मग त्याच्या शेजारचा, मग समोरचा, आणि त्या पोकळीत घागरी, कळश्या, बॅरलची झाकणे आणि “पाणी आलं”, “नीरु बंतु” अशा दोन्ही भाषांतल्या हाका भरत जातात. मी एकदा गल्लीच्या तोंडाशी रेकॉर्डर लावून हे पूर्ण मुद्रण केले. सव्वा तासाने माग पुन्हा सुरू झाले, तेही एकेक करून, आणि कुणाच्या घरी पाण्याचा दाब कमी आहे हे त्या क्रमावरून सांगता आले. नळाचे पाणी मोजायला एवढा चांगला नकाशा मला कुठल्याही कार्यालयात मिळाला नसता.

यापुढे जे सांगणार आहे तेच माझ्या मते तुमच्या मांडणीचे मुख्य सूत्र असावे. पाणी किती आहे आणि केव्हा येणार, हे पूर्वी कुणालाही कानाने कळत असे. पाणी जसजसे खासगी होत जाते तसतसे ते ऐकू येईनासे होते.

विहिरीपासून सुरुवात करा. आडात खडा टाकला की ‘डुबुक्’ ऐकू येईपर्यंतचा वेळ मनात मोजायचा, हे आपल्याकडे पोरासोरांनाही येते. पाणी 5 मीटरवर असेल तर साधारण 1 सेकंद लागतो आणि 20 मीटरवर असेल तर 2 सेकंदांहून किंचित जास्त. तुमच्या गावातली एकच विहीर निवडा, तेवढ्याच आकाराचा खडा घ्या आणि डिसेंबरपासून मेपर्यंत महिन्यातून एकदा, काठावर त्याच जागी उभे राहून खडा टाका. सहा मुद्रणे होतील, प्रत्येक दहा सेकंदांचे. ती ओळीने ऐकवली की खडा सुटणे आणि पाणी लागणे यांमधली फट वाढत जाते, आणि मे महिन्यात कदाचित ‘डुबुक्’च्या जागी दगडावर दगड आपटल्याचा कोरडा आवाज येतो. एका अक्षराचेही निवेदन नसलेली ही मांडणी साठ सेकंदांत सगळे सांगते. पिण्याच्या पाण्याची विहीर असेल तर मात्र आधी गावात विचारा. पाण्यात काही टाकलेले लोकांना खपत नाही आणि ते बरोबरच आहे. अशा वेळी खड्याऐवजी दोरीला बांधलेला पोहरा सोडावा. (टिळकवाडीतली काँग्रेस विहीर 1924 च्या अधिवेशनासाठी आलेल्या लोकांना पाणी पुरावे म्हणून खोदली गेली. त्याच अधिवेशनात लहानग्या गंगूबाई हनगल गायल्या होत्या. बेळगावच्या पाण्याचा आणि आवाजाचा असा जुना शेजार आहे, म्हणून सांगितले. तुमच्या कामाशी त्याचा थेट संबंध नाही.)

बोअरच्या बाबतीत हे करता येत नाही. सहा इंची नळीच्या तोंडावर झाकण असते, आत मोटर आणि केबल असते, खडा टाकायचा प्रश्नच येत नाही. शंभर-दोनशे मीटर खाली काय शिल्लक आहे ते मालकाला कळते, तेही मोटर हवा ओढू लागली आणि तिचा सूर एकदम चढला म्हणजे. खासगीकरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर परदेशी कंपनी येते, पण अथणी, रायबाग, चिकोडीच्या बाजूला पाणी खासगी झाले ते बोअरने, आणि त्यामागे 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत आहे की ज्याची जमीन त्याचे तिच्याखालचे पाणी. बोअरची नोंदणी आणि नियंत्रण यांसाठी कर्नाटकाने 2011 साली भूजलाचा कायदा केला, तरी शेजाऱ्याची मोटर रात्रभर घरघरते आणि आपला आड खाली जातो, हा अनुभव बदललेला नाही. उन्हाळ्यात रात्री अकरानंतर शिवारात उभे राहून मुद्रण करा. थ्री-फेज वीज आल्याबरोबर एकेक मोटर सुरू होत जाते, प्रत्येकीचा सूर थोडा वेगळा असतो, आणि दोन जवळजवळच्या सुरांमुळे आवाज लाटेसारखा वरखाली होऊ लागतो. ऐकायला तो तंबोऱ्यासारखा गोड लागतो, हीच त्यातली अडचण आहे. तो गोडवा तसाच ठेवायचा की नाही हे तुम्हाला ठरवावे लागेल. मी ठेवला होता आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या स्पीकरवर त्याच शिवारातल्या आडातला पोहरा तळाच्या चिखलात खरवडल्याचा आवाज ठेवला होता.

आता शहरातल्या चोवीस तास पाण्याविषयी. इथे न्यायबुद्धी शाबूत ठेवा, नाहीतर मांडणीची घोषणा होईल. जागतिक बँकेच्या कर्जातून कर्नाटकाने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गी इथल्या निवडक भागांत अखंड पाणीपुरवठ्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प राबवला. तो चालवण्याचे काम फ्रान्सच्या वेओलिया समूहाकडे होते आणि 2008 पासून त्या भागांत चोवीस तास पाणी येऊ लागले. पाणी आणि यंत्रणा यांची मालकी सार्वजनिकच राहिली, चालवणे मात्र कंत्राटाने दुसऱ्याकडे गेले. त्या वॉर्डांतल्या बायकांचे पहाटेचे जागरण सुटले, ही खरी गोष्ट आहे आणि ती मांडणीतून वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. विरोध करणाऱ्यांचे प्रश्नही खरे आहेत. दर कोण ठरवणार, गरिबाचे बिल थकले तर काय, आणि तक्रार कुणाच्या दारात न्यायची? नगरसेवकाच्या घरासमोर घागरी घेऊन बसता येते, कंत्राटाच्या कलमासमोर बसता येत नाही.

कानाला काय जाणवते ते सांगतो. अशा घरात नळ बोलत नाही. हवा नाही, खाकरणे नाही, बादलीवरचा ताशा नाही. शिवाय जुन्या लोखंडी जलवाहिन्या आवाज लांबवर वाहून नेत. वॉल्व्हमन पहारीचे एक टोक जमिनीखालच्या पाइपला आणि दुसरे कानाला लावून कुठे गळते आहे ते सांगत. नव्या प्लास्टिकच्या वाहिन्यांत आवाज थोड्याच अंतरात विरून जातो, त्यामुळे तसे ऐकणे अवघड झाले आहे. तिथे ऐकण्यासारखे उरते ते मीटर. स्वस्तातली पिझो चकती (स्पर्शातून कंपने टिपणारा चपटा मायक्रोफोन) मीटरच्या पितळी अंगावर दाबून बसवा आणि घरातल्या कुणाला नळ सोडायला सांगा. कानावर बारीक घरघर येईल आणि नळ जितका मोठा सोडाल तितकी ती चढेल. पाणी आणि पैसा यांच्यामध्ये एवढेच एक दातेरी चक्र असते आणि घरातल्या कुणीही ते ऐकलेले नसते. मी ज्या घरात हे केले तिथल्या सूनबाईंनी हेडफोन कानाला लावून भांडी विसळली. तेवढ्या वेळात त्यांनी तीनदा नळ बंद केला.

खेड्यांत याचे आणखी उघडे रूप आहे. शासनाने गावोगावी शुद्ध पिण्याच्या पाण्याचे घटक उभारले आणि बऱ्याच ठिकाणी ते कंत्राटाने चालवायला दिले. तिथे नाणे टाकले की कॅन भरतो. खाचेत नाणे सरकते, आत डब्यात पडताना टणकन वाजते, क्षणभर काहीच होत नाही, मग आतला वॉल्व्ह ‘खट्’ करतो आणि धार लागते. आधी पैसा वाजतो, मग पाणी वाजते. हा क्रम पुन्हा पुन्हा ऐकवा, त्यावर भाष्य करू नका. शक्य झाले तर दोन्हींमधला तो रिकामा क्षण दर आवर्तनाला थोडाथोडा वाढवा. ऐकणारा अस्वस्थ होऊ लागतो आणि आपण का अस्वस्थ होतो आहोत हे त्याला लगेच समजत नाही.

कॅन किंवा कळशी भरतानाचा आवाज तर आपल्या घराघरांतली विद्याच आहे. पाणी चढते तशी वरची हवेची पोकळी आखूड होते आणि सूर चढत जातो, म्हणूनच पाठमोरी उभी असलेली बाई नेमक्या क्षणी वळून नळ बंद करते. याच्या उलट, भरलेल्या भांड्यावर टिचकी मारली तर सूर उतरतो, कारण पाण्याचे वजन भांड्याच्या कंपनांना जड करते. जलतरंग जुळवणारा याच गुणावर विसंबतो. या दोन उलट्या गोष्टींतून मी एक मांडणी केली होती, ती तुम्ही हवी तर घ्या. सात तांब्याच्या घागरी काठोकाठ भरून ओळीने ठेवल्या. येणाऱ्या प्रत्येकाने हवे तर पेलाभर पाणी प्यायचे आणि प्यायल्यावर लाकडी दांडीने ती घागर एकदा वाजवायची. संध्याकाळपर्यंत सातही सूर वेगवेगळ्या उंचीवर चढलेले होते. सकाळी जुळवलेली सुरावट कुणालाच वाजवता येत नव्हती, आणि उरलेले पाणी कुणी प्यावे यावरून दोन अनोळखी माणसांत चांगलाच वाद झाला. मी मध्ये पडलो नाही.

टीएमसीच्या आकड्यांचे आवाजात रूपांतर करण्याचा विचार तुम्ही लिहिला आहे. त्यात फार वेळ घालवू नका. म्हादई लवादाने 2018 च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी पाणी दिले, हे तुमच्या तालुक्यातल्या नदीविषयी आहे आणि महत्त्वाचे आहे. पण एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर, आणि एवढा आकडा कुठल्याही सुरात बसवला तरी ऐकणाऱ्याला तो सूरच वाटतो. त्याऐवजी नदी उगमापासून खाली ऐकत जाण्याची पद्धत पाहा. ध्वनिरचनाकार ॲनिया लॉकवुड यांनी 1982 साली अमेरिकेतल्या हडसन नदीचा असा ध्वनिनकाशा केला आणि पुढे डॅन्यूबचाही केला. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि सौंदत्तीजवळ नविलतीर्थाच्या धरणात अडते. तेवढ्या अंतरातच पाऊसवेड्या जंगलापासून कोरड्या माळापर्यंतचा सगळा जिल्हा येतो. एका उन्हाळ्याचे काम आहे, यंदा नाही जमले तरी पुढे करा.

साधनांचे थोडक्यात सांगतो. पिझो चकती रेकॉर्डरला थेट जोडली आणि त्याचा इनपुट दहा हजार ओहमचा असला, तर साधारण 800 हर्ट्झच्या खालचे सगळे पातळ होते आणि पाइपमधले हुंदके तर तिथेच असतात. म्हणून निदान दहा लाख ओहमचा बफर (चकती आणि रेकॉर्डर यांना जोडणारे छोटे सर्किट) मध्ये घाला, तुमच्या ओळखीचा कुणीही रेडिओ-दुरुस्तीवाला तो तासाभरात करून देईल. चकती पाण्यात सोडायची असेल तर इपॉक्सीत पूर्ण बुडवून दोन दिवस सुकू द्या. मी घाई करून अशा तीन चकत्या घालवल्या आहेत. नोंदवहीत तारीख, वेळ, गल्ली आणि ‘किती दिवसांनी पाणी आले’ हे दर मुद्रणासमोर लिहा.

पंपगृहात किंवा शुद्धीकरण केंद्रात लेखी परवानगीशिवाय जाऊ नका. टँकरपाशी भांडणे होतात, ती मुद्रित करण्याचा मोह होईल. एखाद्या बाईचा संतापलेला आवाज, तिला न विचारता, वातानुकूलित दालनात पाहुण्यांना ऐकवणे मला कधीच पटलेले नाही. मी हंडे खाली ठेवल्याचा आवाज घेतो. रिकामा, अर्धा आणि भरलेला हंडा वेगवेगळा वाजतो आणि रांगेत कुणाच्या वाट्याला काय आले ते त्यावरून कळते. फलक मराठी आणि कन्नड दोन्हींत लावा, आणि कोणती भाषा वर यावरून कुणी अडलेच तर मधोमध हंड्याचे चित्र लावून अक्षरे त्याच्या दोन्ही बाजूंना लिहा. आमच्या एका प्रदर्शनात त्यावर निभावले.

विहिरीचे काम मात्र लगेच सुरू करा. डिसेंबरचा खडा चुकला तर पूर्ण वर्ष थांबावे लागेल.